लातूरच्या मंचावरची दुसरी खुर्ची

मी चिपळूणची. मराठवाड्यात चालले म्हटल्यावर आमच्याकडे दोनच सूचना मिळतात: पाणी बरोबर ने आणि उन्हात हिंडू नकोस. मी गेले ती ऐन जानेवारीत. नांदेडला पहाटेच्या गाडीतून उतरले तेव्हा दात वाजत होते आणि टोपी-गॉगलने भरलेल्या माझ्या बॅगेत स्वेटर एकही नव्हता. स्टेशनाबाहेर चहावाल्याच्या शेगडीपाशी जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "शेका की म्याडम, शेकायचे पैशे न्हाईत." माझं स्वागत झालं ते असं.

मी पर्यटनाला गेले नव्हते. कॉलेजात विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून माझी नोकरी आहे. दहावी-बारावीनंतर कोणती शाखा घ्यायची, पर्याय कोणत्या क्रमाने भरायचे, एक वर्ष वाया गेलं तर पुढे काय, असे प्रश्न घेऊन मुलं येतात आणि त्यांच्यामागून पालक येतात. अशा मार्गदर्शकांची राज्यभराची एक संघटना आहे, तिची मी चिटणीस. तिच्या मराठवाडा विभागाने या वर्षी लातूरच्या प्रशांत बिरादार सरांना एकमताने अध्यक्ष निवडलं होतं. इथवर सगळं ठीक होतं.

या विभागात एक जुनी पद्धत आहे. नव्या अध्यक्षाचा सत्कार सपत्नीक होतो. मंचावर मधोमध दोन खुर्च्या, अध्यक्ष बाई असल्या तर शेजारी त्यांचे यजमान. शाल, श्रीफळ, बाईंची ओटी, मग जेवणं. यंदा मात्र विभागाकडून निरोप आला, की कार्यक्रम सुटसुटीत करू, एकच खुर्ची ठेवू. त्यावर बिरादार सरांनी मला फोन केला. "आजवर सगळ्यांना दोन खुर्च्या होत्या. मला एक असेल तर मला ते पद नको," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

बिरादार सरांचं लग्न झालेलं नाही. पण ते एकटेही नाहीत. कित्येक वर्षांपासून त्यांचा संसार नरसिंग नावाच्या माणसाबरोबर आहे. हे मला ठाऊक होतं, कारण एका अधिवेशनात जेवणानंतर शतपावली घालताना त्यांनीच मला विश्वासाने सांगितलं होतं. इथे लिहिते आहे तेही दोघांना वाचून दाखवून, नावं आणि दुकान बदलून. तर तोडगा काढायला मला पाठवलं. कोकणातल्या माणसाचं तिकडे कुणी नात्याचं नसतं, त्यामुळे त्याच्यावर कुणी रुसत नाही, हा त्यामागचा थोर विचार.

नांदेड

मावळते अध्यक्ष गव्हाणे सर मला न्यायला स्कूटरवर आले. घरी जायच्या आधी त्यांनी स्कूटर गुरुद्वाऱ्यापाशी उभी केली. "आधी दर्शन, मग लंगर, मग घर," असा त्यांचा क्रम होता. डोक्यावर ओढणी घेऊन पंगतीत बसले. एका बाजूला पंजाबातून आलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला कंधारकडचं एक शेतकरी जोडपं. डाळ आली, रोटी आली, खीर आली, पण तू कोण, कुठली, असं कुणीही विचारलं नाही. आमच्याकडे पंगतीत पहिला घास घशाखाली जायच्या आत गाव, वाडी आणि माहेरचं आडनाव विचारून झालेलं असतं.

पोट भरलं म्हणून मी सुखावले, पण गव्हाणे सरांच्या घरी पुन्हा ताट वाढलेलं होतं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, करडईचं तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. कोकणात पाहुण्याला आधी ‘जेवणार का’ विचारतात आणि त्याने ‘नको’ म्हणावं अशी मनातून थोडी आशा धरतात. इथे विचारायची पद्धतच नाही. मी दुसरं जेवण जेवले.

दुपारी कार्यकारिणीची मंडळी जमली. सगळी समजूतदार, तरतरीत माणसं. मुद्द्याचं मात्र कुणी बोलेना. तुरीचं पीक कसं आलं, प्रवेशाचे नियम कसे दरवर्षी बदलतात, सगळं झालं. शेवटी गव्हाणे सर मला गच्चीवर घेऊन गेले. "मॅडम, बिरादार सरांचं एक हाय. पण त्यांनी ते मला विश्वासानं सांगितलेलं हाय. मला बोलता येत न्हाई."

मी म्हटलं, "सर, मलाही ठाऊक आहे. आणि मलाही बोलता येत नाही."

मग आम्ही दोघं अर्धा तास ज्या गोष्टीबद्दल बोलता येत नाही तिच्याबद्दल बोललो. खाली आले तर हिंगोलीच्या बाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. त्यांनाही विश्वासाने सांगितलेलं होतं. जिन्यात एकजण भेटले, त्यांनाही. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की मूल खोलीत येऊन जे सांगतं ते खोलीबाहेर जात नाही. या भल्या माणसांनी तो नियम इतका कसोशीने पाळला होता, की सगळ्यांना सगळं माहीत असून एकानेही दुसऱ्याला कधी कळू दिलं नव्हतं. बिरादार सरांना मात्र ती शांतता नापसंतीची वाटत होती. त्यात आता खुर्ची काढलेली.

"अहो, ती त्यांच्याच भल्यासाठी काढली," गव्हाणे सर खरोखर दुखावून म्हणाले. "दुसरी खुर्ची रिकामी दिसली तर लोक इचारतील. त्यांना परेशानी नको म्हणून हे करून राहिलो आम्ही."

चहाच्या वेळी हळूहळू जिभा सुटल्या. दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला द्यायचं काय, यावर चर्चा रंगली. ओटी तर भरता येणार नाही. एकांनी सुचवलं, जावयाला देतो तसा टोपी-टॉवेलचा आहेर करू. त्यांचा हेतू इतका चांगला होता, की मी हसू दाबलं. एक जाधव सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "पालक काय म्हणतील? लोक आपल्या भरवशावर लेकरं पाठवतात आपल्याकडं." मी मतभेद सोडवायला आले होते, त्यामुळे तोंड बंद ठेवलं. मला राग आला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

देगलूर

दुसऱ्या दिवशी एसटीने देगलूरला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, इतकी काळी की आमच्या लाल मातीला सरावलेल्या डोळ्यांना ती भिजलेलीच वाटते. तूर कापून झाली होती, हरभरा घाट्यांवर आला होता, करडईला पिवळी फुलं धरली होती. तेलंगणा आणि कर्नाटक दोन्ही जवळ, त्यामुळे स्टँडवर उतरल्यापासून कानावर तीन भाषा पडतात आणि माणसं वाक्याच्या मध्येच एकीतून दुसरीत जातात.

इथे सुमनताई वाघमारे राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका, मराठवाडा विभागाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. "जयभीम, या, हात-पाय धुवा," म्हणत त्यांनी धपाटे आणि दही पुढ्यात ठेवलं. मी अडखळत सुरुवात केली, की एक नाजूक बाब आहे, पण मला ती उघड बोलता येत नाही.

"प्रशांतचं आणि नरसिंगचं ना?" ताई म्हणाल्या. "तुम्हाला समद्यांना त्यानं सांगितलंय म्हनून तुमची तोंडं शिवलेली. मला त्यानं काई सांगितलेलं न्हाई. मला दिसतं. म्हनून मला बोलायला मोकळीक हाय."

मला इतकं हलकं वाटलं, की मी आणखी एक धपाटं घेतलं.

"अन् खुर्ची काढायची ह्यांची जुनीच खोड हाय," ताई पुढे म्हणाल्या. "माझ्या वेळेला बी तसंच केलं. आम्ही बौद्ध. मी सांगितलं, आम्ही ओटी घेत न्हाई, नारळ नको. झालं! मीटिंग बसली. अन् निरोप आला, ताई, यंदा सत्कार सुटसुटीत करू, एकच खुर्ची ठेवू, तुम्हाला अवघड नको वाटायला. मी म्हनलं, ओटी नको म्हनले मी, नवरा नको कुठं म्हनले?"

आतल्या खोलीतून त्यांचे यजमान खो खो हसले. "ती शाल अजून हाय बरं का माझ्याकडं!"

"मग काय केलंत?"

"दोन खुर्च्या, दोन शाली. संपलं. जेवताना कुणाच्या ध्यानात बी न्हाई राहिलं, की ओटी भरली न्हाई."

मी टोपी-टॉवेलची कल्पना सांगितली. ताईंनी कपाळाला हात लावला. "जावई कुणाचा म्हनून? संघटनेनं पोरगी दिली का त्याला? दोन शाली आना, देयाचं मी बघते. पन मला सांगा, तुमच्यापैकी कुणी नरसिंगला भेटलं का?"

कुणीच भेटलं नव्हतं. मी सुद्धा तो विचार केला नव्हता.

नरसिंगचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान बाजारपेठेत आहे. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस, हाताला ग्रीस. फोनवर कुणा गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलत होता, ते आटोपून त्याने आमच्यासाठी चहा मागवला. शनिवारी दुपारी दुकान बंद करून तो लातूरला जातो आणि सोमवारी सकाळी परत येतो. बाजारात सगळे समजतात, की लातूरला त्याचा दुसरा धंदा आहे. ताई मुद्दाम मागच्या बाजूला पाइप बघायला गेल्या.

"प्रशांतनं पाठवलं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"नाही. त्यांना माहीतही नाही मी इथे आले ते."

"म्याडम, राग मानू नका. एक म्हनतो एक खुर्ची ठेवा, एक म्हनतो दोन ठेवा. भांडून राहिले समदे. त्या खुर्चीवर बसणार मी, अन् मलाच कुणी इचारलं न्हाई."

आमच्या मार्गदर्शनाच्या खोलीत रोज हेच चालतं. मुलाने काय शिकावं यावर आई बोलते, बाप बोलतो, शहरातला काका फोनवरून बोलतो, मी बोलते, आणि मूल कोपऱ्यात नखं कुरतडत बसलेलं असतं. या वेळी त्या कोपऱ्यात नरसिंग होता.

"तुम्हाला बसायचं नाही का?" मी विचारलं.

त्याने फडक्याला हात पुसले. "बसायचं भ्या न्हाई. फोटूचं हाय. तुमच्या लोकांनी फोटू काढला की तो ग्रुपवर जाणार, सांजच्याला देगलुरात. हितं माझी आई हाय, भाऊ हाय, गिऱ्हाइकं हाईत. प्रशांत मोठा मानूस, त्याला समदे सर म्हनतेत. मला हितं काय म्हनतील, सांगा?"

फोटोचं मी त्याला विचारूनच ताईंच्या कानावर घातलं. चहा प्यायलो आणि निघालो.

लातूर

देगलूरहून उदगीरमार्गे लातूर. उदगीरच्या अलीकडे बस पंक्चर झाली आणि सगळे प्रवासी रस्त्याकडेला निवांत बसले. कुणी कंडक्टरवर ओरडलं नाही, हे मला नवलाचं. एका म्हाताऱ्या आजींनी हरभऱ्याचे डहाळे माझ्या ओंजळीत दिले आणि सोलून कसे खायचे तेही शिकवलं. माझी बोटं आंबट झाली, ओठ चरचरले, पण चाक बसेपर्यंत माझी जुडी संपली होती.

लातूर हे आमच्या धंद्याचं पंढरपूर म्हणायला हरकत नाही. गल्लोगल्ली क्लास, खाणावळी, अभ्यासिका आणि गुणवंतांचे फोटो लावलेले भलेमोठे फलक. जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली मुलं पाठीवर दप्तरं घेऊन गर्दी करून चालतात. त्यांच्या आया दोन वर्षांसाठी भाड्याची खोली घेऊन इथे स्वयंपाक करत राहतात, आणि बाप गावी एकटे. चौकात गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. पिवळाधमक, झणझणीत. आमचा भाताचा मुलूख, पण भाताने डोळ्यांतून पाणी काढलेलं मी पहिल्यांदाच अनुभवलं.

बिरादार सर घरीच होते. सडपातळ, नीटनेटके, बोलताना प्रत्येक शब्द तोलणारे. मी देगलूरला जाऊन आल्याचं सांगितलं आणि नरसिंग काय म्हणाला तेही, अर्थात त्याची परवानगी घेऊनच. 

"मी त्याला विचारलंच न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्यासाठी तो येणारच. सगळ्या विभागाशी भांडलो मी, अन् घरात विचारायचं राहिलं."

"तो नाही आला तर?"

"तर मी एकटा बसणार न्हाई, मॅडम. माझा हट्ट हाय म्हणा. माझ्याकडं दरवर्षी एखादं तरी लेकरू येतं. दार लावून घेतं, आधी शाखेबद्दल विचारतं, अन् मग जाता जाता विचारतं, सर, मी असा हाय, माझं पुढं काय होणार? अन् आपल्यातलेच काही मार्गदर्शक अशा लेकराला बरं करून घ्यायला बाबा-बुवाकडं पाठवतात. न्हाईतर त्याला न विचारता बापाला फोन लावतात. हे बंद करायचा ठराव मला मांडायचाय. पण मीच माझं माणूस लपवून एकट्या खुर्चीवर बसलो, तर त्या लेकराला कोणत्या तोंडानं सांगू, की तुझं सगळं ठीक होईल?"

म्हणजे खुर्ची गेली तर अध्यक्ष जाणार, आणि अध्यक्ष गेला तर ठराव जाणार. मी माझ्या उतरायच्या जागी परतले तेव्हा तोडगा काढायला आलेल्या माझ्या हातात शून्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात पोचले. नाश्त्याला सुशीला होता. कोकणात कुणी चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले तर त्याच्या डोक्याबद्दल शंका घेतील, पण मी दोनदा घेतला. मंचावर दोन खुर्च्या ठेवलेल्या होत्या, ताईंच्या सांगण्यावरून गव्हाणे सरांनी त्या स्वतः उचलून आणल्या होत्या. सुमनताई आल्या त्या एका टेम्पोतून. टेम्पो चालवत होता नरसिंग. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. "ताईंना सोडाया आलो," असं त्याने कुणी न विचारताच मला सांगितलं आणि तो दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला. बिरादार सरांनी त्याला पाहिलं, पण जवळ गेले नाहीत.

कार्यक्रमाच्या आधी ताई माइकपाशी गेल्या. "एक ऐका. समद्यांनी फोन आपापल्या खिशात ठेवा, पर्समधी ठेवा. आज कुणी फोटो काढायचा न्हाई. का, ते इचारू नका. लेकरू आपल्या खोलीत येऊन सांगतं, ते आपन बाहेर नेतो का? तसंच समजा."

बोलावलेल्या फोटोग्राफरचं काय करायचं, हा प्रश्न गव्हाणे सरांनी सोडवला. त्याच्या खांद्यावर हात टाकून ते त्याला नाश्त्याकडे घेऊन गेले आणि त्याच्या ताटलीत सुशीलाचा डोंगर करून, हिंगोलीच्या बाईंना पहाऱ्यावर बसवून परत आले. जाधव सर उठले आणि सभागृहाबाहेर निघून गेले. फोन मात्र त्यांनीही काढला नाही, तो मान मी त्यांना देते.

गव्हाणे सरांनी पुकारा केला. "नूतन अध्यक्षांना विनंती, की त्यांनी आपल्या..." आणि ते थांबले. वर्षानुवर्षांचं वाक्य तोंडात होतं, पुढचा शब्द सापडेना. बिरादार सर मंचावर गेले आणि आपल्या खुर्चीशेजारी उभे राहिले. बसले नाहीत.   आता ते माइक घेतील आणि नको म्हणतील, असं मला वाटलं.

दाराशी हालचाल झाली. नरसिंग सरळ मधल्या वाटेने चालत आला. मंचाच्या पायरीशी त्याने देवळात काढतात तशा चपला काढल्या, वर गेला आणि दुसऱ्या खुर्चीवर बसला. बसताना खुर्ची करकरली. मग बिरादार सर बसले.

ताईंनी दोघांच्या अंगावर दोन सारख्या शाली घातल्या. टाळ्या वाजल्या. हल्लीच्या सत्कारांत अर्ध्या लोकांचे हात फोन धरण्यात गुंतलेले असतात, त्या दिवशी सगळ्यांचे मोकळे होते, त्यामुळे आवाज दणदणीत झाला.

सरांना बोलायला उभं केलं. ते नुसते कागदाकडे बघत राहिले. तेव्हा नरसिंग हळूच बोलला, पण माइकने ते पकडलं: "बोल की, लोक बसून राहिलेत."

सभागृह हसलं, सर हसले, आणि त्यांनी ठराव वाचला. अशा मुलाला बरं करायला म्हणून कुणाकडेही पाठवायचं नाही. त्याच्या परवानगीशिवाय घरी कळवायचं नाही. हात वर झाले. सगळे नाही, पण ठराव मंजूर झाला.

जेवणं सुरू झाली. मी हात धुवायला मागे नळापाशी गेले, तर नरसिंग माझ्यामागे आला. शाल अजून खांद्यावर होती.

"म्याडम, एक काढा की."

"काय?"

"फोटू." त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून माझ्या हातात दिला. "तुमच्या फोनात नको. माझ्याच." आणि आत जाऊन तो बिरादार सरांना ताटावरून उठवून घेऊन आला. त्यांचा उजवा हात वरणाने बरबटलेला होता, तो त्यांनी पाठीमागे धरला. पाण्याच्या टाकीला लागून दोघे उभे राहिले, शासकीय फोटोला उभे राहतात तसे ताठ. मी फोटो काढला, तो हलला. मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. दुसरा काढला तो बरा आला.

नरसिंगने फोन घेतला, सावलीत नेला, पडद्यावरचा धुरळा बाहीने पुसला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हा आईला दाखवीन," तो म्हणाला.

बिरादार सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "कधी?"

"बघू. तू आधी जेवून घे."